डोळे तिकडेच उघडायचे

पेणच्या स्टँडवर पुंडलिक पुण्याच्या गाडीची वाट बघत बसला होता. शेजारच्या बाकड्यावर जोहे गावचं गणपती घडवणारं जोडपं होतं, सखा आणि हौसा. हौसाच्या मांडीवर खोका, आत वीतभर गणपती.

"पुण्यापासून भुवनेश्वर किती लांब म्हणाले जावई?" हौसानं विचारलं.

"तेराशे किलोमीटर. विमानाला दोन तास."

"दोनच? तेवढ्यात माझे वीस गणपतींचे डोळे आखून होतात."

"मग ह्या एकाचेच कसे राहिले गो? सगळा रंगवलास नि डोळे कोरे!"

"राहिले नाय. ठेवलेत."

"गाडीला वेळ हाय अजून. ब्रश पिशवीत हाय ना? काढ, इथंच उरकून टाक."

"नाय."

"पहिल्यांदा विमानात बसतेस. उतरल्यावर हात थरथरला तर?"

"तर थांबेन. चहा पिऊन आखेन."

"पण इथं काय बिघडतं?"

"अवो, चाळीस वर्षं डोळे आखते मी. ज्याचे उघडले त्याला पहिली मीच दिसले. घामाघूम, गालाला रंग फासलेली."

"देवाची काय तक्रार नाय आली."

"ह्याला पहिली आपली किमया दिसू दे. सव्वा महिन्याची झाली नात, आपण तरी कुठं बघितलीय?"

सखानं खोक्याचं झाकण नीट बसवलं.

गाडी फलाटाला लागली. पुंडलिक पिशवी उचलून दाराशी गेला. मागून सखाचा आवाज आला.

"खोका दे माझ्याकडं. तू फक्त तुझे हात सांभाळ."