पाटाच्या तोंडाशी लावलेलं कलम

नाही हो, पाण्याचा काही संबंध नाही त्यात, चुडामणभाऊ — तुम्ही पाणी दुप्पट करा, तिप्पट करा, दुपारी झाड मान टाकणार म्हणजे टाकणारच. इकडे या, सावलीत. ओट्यावर बायकांसमोर हे बोलणं झालं नसतं, म्हणून मागे आणलं तुम्हाला. हा बघा माझा पेरू. सकाळीच पाणी दिलंय, बुडाला हात लावून बघा, ओलं आहे ना? आणि पानं बघा, तांबूस, पिवळी, दमलेली. तुम्ही युरिया टाकला? मीही टाकला. शेणखत टाकलं? मी ट्रॉलीभर टाकलं. फवारणी? तीनदा केली, दुकानदारानं हातात ठेवलं ते मारलं — आणि चोर बसलाय खाली, मातीत. डोळ्यांना दिसत नाही. सूत्रकृमी म्हणतात त्याला, बारीक अळी असते, मुळात शिरते, तिथंच घर करते, मुळाला गाठी येतात अन् वर झाड उपाशी मरतं. आपण आपले पानांवर औषध मारत बसतो.

आता तुम्ही ओट्यावर काय बोललात, ते मी ऐकलं. चांगल्या माणसासारखे बोललात, आवाज चढवला नाही. भूमिकाला चार-सहा महिने माहेरी राहू द्या, घरामागची झाडं सावरली की घेऊन जाऊ. म्हणणं तुमचं नाही, विहीणबाईंचं आहे — कळतं मला. जसोदाबाईंना वाटतं, सून आली अन् तीन वर्षांत अठरा पेरूंतले अकरा वाळले. पायगुण. आमचे जावई भाग्येशराव आईसमोर बोलत नाहीत, तेही कळतं. पण एक सांगा, झाडं सावरणार कशी? ती तर नाही सावरत, भाऊ, वर्षभरात तर नाहीच. मग माझी पोरगी इथं किती दिवस राहणार? ती तिकडे आत आईजवळ बसलीय, बघितलंत ना कशी बसलीय? पाहुण्यासारखी. स्वतःच्या घरात.

थांबा, मला एक सांगा. पहिलं कुठलं वाळलं? विहिरीजवळचं. आणि त्यानंतर? त्याच्या खालचं. मग त्याच्या खालचं. आणि वरच्या अंगाची, लिंबाजवळची झाडं? ती हिरवी आहेत — मला माहीत होतं हिरवीच असणार. पाटाचं पाणी तिकडे चढत नाही. ही अळी स्वतःच्या पायांनी कुठं जात नाही, हातभर जायचं तर तिचा जन्म जाईल. तिला पाणी नेतं, कुदळ नेते, चपलेला लागलेली माती नेते. पायगुण असता तर काय पाटाच्या उतारानं ओळ धरून गेला असता? जसोदाबाईंना विचारा एवढं. नाही, तुम्ही नका विचारू, तुमच्यानं होणार नाही ते.

मग पाटाच्या तोंडाशी काय आहे तुमच्याकडे? बोला ना. तुम्हीच लावलंत की, मानानं लावलंत, सुनेच्या माहेरचं कलम, विहिरीजवळ असू द्या, सगळ्यात आधी पाणी त्याला मिळू द्या. चांगल्या मनानं केलंत. मी तेव्हा किती खूश झालो होतो.

आमच्याकडची रीतच ती, माझ्या बापानं पाडलेली. मुलगी सासरी निघाली की लाल पेरूचं एक कलम तिच्याबरोबर. माझीच मुलगी नव्हे, गल्लीतल्या कुणाचीही असो, आई-बाप दोन महिने आधी येऊन सांगतात, मोतीलाल, आमच्याकडे लग्न आहे. मग मी झाडाच्या फांदीलाच गुटी बांधतो, मुळं फुटली की कापून पिशवीत लावतो, अन् पिशवीत माती भरायची ती याच झाडाच्या बुडाची. विकतची नाही, नदीची नाही. का? तर कलमाला तिकडे परकं वाटू नये. असं मी मोठ्या तोंडानं सांगायचो, भाऊ, मांडवात बसून सांगायचो, लोक मान हलवायचे. बावीस वर्षं सांगितलं. आता ऐकवत नाही.

तो झेंडू दिसतोय ना, तो दसऱ्यासाठी नाही. त्याच्या मुळांनी ही अळी कमी होते म्हणून लावलाय, चारी बाजूंनी. तर गल्लीतल्या बाया येतात अन् हारासाठी फुलं न्यायची सोडून झाडंच उपटतात. निंबोळी पेंड टाकतो, वास येतो म्हणून शेजारी भांडतो. कुदळ कुणाला देत नाही, दिली तर म्हणतो धुऊन आणा, अन् आणल्यावर मी परत धुतो — तर गावात झालंय काय, मोतीलाल कुदळीला आंघोळ घालतो. घाला म्हणे, अंगाला साबणही लावा. हसू द्या. कुणी एक माणूस खाली वाकून मूळ बघत नाही, एक माणूस नाही. सगळ्यांना वरचंच दिसतं. तुम्ही तरी बघितलंत का तुमच्या झाडाचं मूळ? नाही ना. अकरा झाडं तोडलीत, जळणाला नेलीत, अन् सुनेचा पाय तेवढा बघितला.

रागावू नका. बसा. राग माझा माझ्यावर आहे, तुम्ही मध्ये सापडलात.

कुणी सांगितलं म्हणजे? तळोद्याला रोपवाटिका चालवणाऱ्या एक रूपलीबाई आहेत, त्यांनी. मी मूळ घेऊन गेलो होतो, त्यांनी भिंग दिलं हातात, म्हणाल्या बघा काका. आणि म्हणाल्या, इथली चिमूटभर माती कुणाच्या घरी जाऊ देऊ नका, आधी गेली असेल तर आजच कळवा त्यांना, पाटाचं पाणी बंद करून प्रत्येक झाडाला वेगळं द्यायला सांगा. आजच, म्हणाल्या.

कधी म्हणजे — झालं आता.

दोन वर्षं झाली, चुडामणभाऊ.

हो. तेव्हा तुमचं एकच झाड गेलं होतं. मला ठाऊक आहे. फोन हातात घेतला होता मी, तुमचा नंबर काढला होता. पण काय सांगू? मोतीलालच्या मातीतून रोग आला? त्याआधीच्या चार वर्षांतच नऊ घरी कलमं गेलेली, नऊ घरी फोन करू? लाज वाटली. म्हटलं, बघू, पावसाळा जाऊ दे. मग म्हटलं, हिवाळा जाऊ दे. भूमिकाची आई, दगूबाई, रोज मागे लागायची, आता तरी कळवा म्हणून — कळवा ना आते, आपली लेक तठे शे. मी तिच्यावर खेकसायचो. भूमिकाचा फोन आला की तेवढं विचारायचो, झाडं कशी आहेत? ती म्हणायची, बरी आहेत आप्पा. मला बरंच वाटायचं ते ऐकून.

नाही, थांबा, अजून आहे. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात तिनं स्वतः तिचं कलम भरलं. माती उकरताना बारीक मुळं हाती आली, ती घेऊन माझ्याकडे आली, म्हणे, आप्पा, ह्या मुयासले गाठी शेतस. मी बघितलंही नाही नीट. म्हटलं, भुईमुगाच्या मुळाला नसतात का, हरभऱ्याला नसतात का, गाठी चांगल्याच असतात, जमिनीला ताकद देतात. भर पिशवी. जन्म शेतीत गेला माझा. भुईमुगाची गाठ अंगठ्यानं घासली तर सुटते, ही सुटत नाही, ती मुळातच असते — एवढं घासून बघायला किती वेळ लागतो? ती घासत होती हो. माझ्यासमोर उभी राहून अंगठ्यानं घासत होती, अन् मी म्हटलं, भर.

म्हणजे तिला माहीत होतं.

पहिलं झाड वाळलं तेव्हाच तिनं ओळखलं असणार. तुम्ही म्हणता तिनं मूळ उपटून बघितलं होतं, अन् काही न बोलता परत पुरलं? कधी? पहिल्याच वर्षी?

अन् जसोदाबाई पायगुण म्हणतात, तीन वर्षं, तेव्हा ती एकदाही म्हणाली नाही, माझ्या बापाची माती आहे म्हणून? भाग्येशरावांनाही नाही? तुमच्या घरात मोतीलालचं नाव खाली जाऊ नये म्हणून —

नाही. काही बोलू नका तुम्ही. चहा राहू द्या. गाडी वळवून ठेवा, मी सदरा घालून येतो, तुमच्याबरोबर धानोऱ्याला येतो, जसोदाबाईंच्या पुढ्यात उभं राहून सगळं सांगतो. ती इथं राहणार नाही, एक दिवससुद्धा नाही.

तेवढी हाक तुम्ही मारा तिला. माझ्यानं नाही मारली जाणार.