काल्याचं विरजण आणि पेशीतली चूल

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. वर काल्याची हंडी टांगली आहे आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर आहेत, मला दिसतंय इथून! फुटणार आहे, तुमच्यासाठीच आहे. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. घराण्याचा वारस कोणाला म्हणायचं?

बघा! सगळ्या माना पोरांकडे वळल्या! अहो काका, नातवाच्या डोक्यावरून हात काय फिरवताय? एवढी घाई नको. आधी ऐका.

बोरवंड नावाचं गाव. तिथं रखमाजी टेमगिरे नावाचे गृहस्थ. जमीन बेताची, पण मान मोठा – काल्याचं दही टेमगिऱ्यांच्या घरचं! आणि ते दही साधंसुधं नव्हे हं! पिढ्यान्‌पिढ्या एकच विरजण. आज दही लावलं की त्यातलं चमचाभर उद्यासाठी बाजूला ठेवायचं. दुष्काळात गाई विकल्या, तेव्हा शेजारणीकडून शेळीचं दूध मागून आणलं, पण विरजण मरू दिलं नाही! कुणी मरू दिलं नाही? घरातल्या बायांनी. आणि फेटा बांधून, ती हंडी डोक्यावर घेऊन, वाजतगाजत देवळात कोण येणार? रखमाजी! मृदंगबुवा हसले. म्हणजे तुमच्याकडेही असंच दिसतंय!

रखमाजींना एकच लेक, कुमुद. लग्न झालं, सासरी निघाली, तेव्हा तिच्या आईनं, अनसूयाबाईंनी, ओटीत नारळाबरोबर एक इवलीशी बरणी सरकवली. विरजणाची! रखमाजींना कळलं. काय संतापले! "घराण्याचं इरजण घराबाहेर धाडलंस?" महिनाभर बायकोशी बोलले नाहीत.

पुढं अनसूयाबाई गेल्या. कुमुद माहेरी आली होती. भरल्या घरात तिनं वडिलांना विचारलं, "अण्णा, यंदा हंडी मी आणू?" रखमाजी म्हणाले, "तू आता त्यांच्या घरची. मान भानुदासाचा." भानुदास म्हणजे पुतण्या. कुमुदनं पिशवी उचलली आणि ती निघून गेली. त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं नाही एकमेकांशी.

आता भानुदासाची पहिली हंडी! गडी हौशी. त्याला वाटलं, दही कसं, सुरीनं कापावं असं पाहिजे. मोठं पातेलं भरून दूध तापवलं. उकळी फुटली – आणि त्या उकळत्या दुधात ओतलं की सगळं विरजण! वाटी खरवडून! मागं थेंब ठेवला नाही!

बघा, बायका हसल्या. आणि पुरुष मंडळी अजून विचार करतायत की यात चुकलं काय!

सकाळी झाकण काढलं. दूध तसंच! विरजण मेलं, मंडळी. एवढ्या पिढ्यांचं! काला दुसऱ्या दिवसावर आला होता. भानुदास रडकुंडीला आला. "काका, दुकानातनं आणू का?" रखमाजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. देवापुढं खोटं दही? त्यांच्यानं ते झालं नसतं. आणि खऱ्या विरजणाचा थेंब आता जगात एकाच घरी होता. ज्या लेकीला घराबाहेरची म्हटलं, तिच्या घरी!

म्हातारा रिकामी बरणी घेऊन एस.टी.त बसला. दारातून हाकलून दिलं तर? आणि हाकललंच, तर तिचं काय चुकलं?

कुमुद शाळेत विज्ञान शिकवायची. ते थेट वर्गाच्या दारात जाऊन उभे! तिनं पाहिलं. बरणीही पाहिली. म्हणाली, "अण्णा, बसा मागच्या बाकावर. तास संपू दे."

तास चालला होता पेशीचा! पेशी म्हणजे काय, मंडळी? तुम्ही-आम्ही ज्याचे बनलोय ती विटुकली! एका पोरीनं आजोबांना तोंड उघडायला लावलं, गालाच्या आतून काडी फिरवली, काचेवर पुसली, निळ्या रंगाचा थेंब टाकला आणि म्हणाली, "आजोबा, बघा आता, हे तुम्ही."

रखमाजींनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अहाहा! फिकट निळ्या चकत्याच चकत्या, आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका!

"ह्यो ठिपका कसला?"

"केंद्रक," कुमुद म्हणाली. "लग्नघरात कारभारी असतो ना, कुठं काय करायचं ते ठरवणारा, तसा. पेशीभोवतीचं पटल आहे ते दारावर उभं राहतं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, ते बघतं. आत रायबोझोम प्रथिनं बनवतात. गॉल्जी पिंड त्यांच्या शिदोऱ्या बांधून ज्याच्या त्याच्याकडे पाठवतो. आणि लयकारिका उष्टं-खरकटं, मोडकंतोडकं सगळं पचवून टाकतात."

आणि हे सगळं कुठं, मंडळी? तुमच्या गालात! आत्ता! तुम्ही जांभई देताय तेव्हासुद्धा तिथं पंगत उठते आहे, भांडी घासली जातायत! रखमाजी तर हरखूनच गेले. आणि मग लग्नघर पाहिलेल्या माणसानं विचारावं तेच विचारलं त्यांनी. "आन्‌ चूल कुठाय?"

सगळा वर्ग वळून बघायला लागला.

"तंतुकणिका," कुमुद म्हणाली. "त्या चुली. आपल्या या सूक्ष्मदर्शकात नाही दिसायच्या, फार बारीक असतात. पण तुम्ही एस.टी.तून उतरून चालत आलात, तो जोर त्यांनीच दिला. शास्त्रज्ञ सांगतात, फार फार पूर्वी त्या वेगळ्या राहायच्या, जिवाणू होत्या. आपल्या विरजणात असतात ना, तसेच बारीक जीव. बाहेरून आल्या, दुसऱ्या पेशीच्या घरात शिरल्या आणि तिथली चूल सांभाळायला लागल्या."

सून! सून हो, मंडळी! माप ओलांडून आली आणि चुलीपुढं बसली! आपल्या प्रत्येक पेशीत बसली आहे!

"आणि त्या कोऱ्या बनवता येत नाहीत," कुमुद पुढं म्हणाली. "असलेल्यातूनच दुसरी होते. आधीची असेल तरच पुढची."

"म्हंजी इरजणच की," रखमाजी पुटपुटले. मग म्हणाले, "बापाकडनं किती येत्यात?"

"काहीच नाही. सगळ्या आईकडून."

"माझ्यातल्या?"

"तुमच्या आईच्या."

"भानुदासातल्या?"

"धाकट्या काकूच्या."

हातातली बरणी रखमाजींनी उगीच इकडची तिकडं केली. ज्याला वारस म्हणून पुढं केलं, त्याच्यातली चूल आपल्या घरचीच नाही! आणि आपली आपल्याबरोबरच विझणार. मोठ्या कष्टानं त्यांनी विचारलं, "मग पोरी, तुझ्यात माझं काय?"

कुमुदच्या हातातला खडू फळ्याशीच राहिला.

"केंद्रकातलं अर्धं तुमचं आहे, अण्णा. मुलगा झाला असता तर त्याच्यातही अर्धंच असतं. चिमूटभर जास्त नाही." तिनं खडू खाली ठेवला. "मी सासरी गेले म्हणून ते अर्धं माहेरी नाही राहिलं. तेच अंगात घेऊन मी रोज इथं उभी राहते."

म्हातारा उठला. पोरांदेखत म्हणाला, "चुकलं माझं, बाई. त्या दिवशी भरल्या घरात बोललो, आज भरल्या वर्गात सांगतो."

कुमुदनं डोळे पुसले. त्यांच्या हातातली बरणी घेतली, म्हणाली, "चला. दही मात्र तुम्ही लावायचं."

संध्याकाळी बोरवंडला, चुलीपुढं, जन्मात पहिल्यांदा रखमाजी दही लावायला बसले. जन्मभर हंडी मिरवली, पण विरजण कधी हातात धरलं नव्हतं! लेक म्हणाली, "बोट बुडवा. सोसतं का? मग आता घाला. आई असंच बघायची." बोट दुधात तसंच ठेवून म्हातारा रडला. अनसूयाबाई रोज काय करत होत्या, ते त्याला तेव्हा कळलं.

सकाळी दही लागलं होतं. कवडी दही, मंडळी!

वाजंत्री दारात आली. भानुदास फेटा बांधून पुढं झाला. रखमाजींनी हंडी उचलली आणि कुमुदच्या डोक्यावर ठेवली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, टेमगिऱ्यांचा मान परक्या घरी देता?"

रखमाजी म्हणाले, "मान इरजणाचा हाय. मी नुसता हमाल हुतो."

भानुदासानं आपल्या डोक्यावरचा फेटा सोडला. त्याची चुंबळ केली आणि बहिणीच्या हंडीखाली सारली. तोही शहाणा झाला, मंडळी! असा शहाणपणा सगळ्यांना येवो!

आता आपलं. ही वरची हंडी पाहिलीत? फुलं लावली, दोरी बांधली, वर चढवली. चढवणारे इथं पुढच्या रांगेत बसलेत, त्यांचा सत्कारही झाला, नारळ मिळाला. छान! पण मी विचारतो, यातलं दही कुणी लावलं?

... गप्प का? अध्यक्ष? तुम्हाला माहीत नाही? तुमच्याच घरून आलंय ना ते?

नाव कळल्याशिवाय मी काठी उचलणार नाही! बसा तसेच! ज्या चुलीवर आपण श्वास घेतोय, तिचं नाव घ्यायला आपली जीभ का अडखळते?

कोण? तिकडं, खांबाआड? अहो माई, तुम्ही लावलंत होय? मग लपताय कशाला, या अशा पुढं. पदर सावरत बसू नका. वाट द्या रे माईंना. अध्यक्ष, तुम्हीच वाट द्या.

या. ही काठी धरा. पहिला घाव तुमचा!