बावन्नातनं बावन्न

—न्हाय म्हंजे न्हाय, पावणं. फळा पुसायचा न्हाय. चौकातल्या तालमीचा फळा हाय ह्यो, नगराध्यक्ष सयाजीरावाच्या बंगल्याची भिंत न्हवं. बसा की, उभं का? च्या सांगितलाय. वाचलासा का सगळा? डाव्या अंगाला नगरसेवकाचं नाव, उजव्या अंगाला आकडा— सयाजीरावासंगं त्येचा हात किती येळा वर गेला. तीन वर्सं, बावन्न ठराव. खोटं वाटतंय? मग पालिकेचं बुक काढून दावा की! दावताच येणार न्हाय. तिथं नुस्तं 'बहुमतानं मंजूर'— कुणाचा हात वर, कुणाचा खाली, कोण लिवतंय? म्या लिवलं. शिरोलीला फौंड्रीत दुसरी पाळी माझी, सकाळ मोकळी. दर सभेला वर गॅलरीत बसतो, वही मांडीवर घिऊन. तपासणीचं काम करतो मी, पावणं— एका साच्यातनं निघालेलं दोन नग वीस फुटांवरनं वळखतो.

आता ह्यो पिराजीराव बघा, इरोधकांचा वाघ! सभेत टेबल बडवतोय, सयाजीरावाला तोंडावर चोर म्हणतोय— आणि हात? एकोणपन्नास येळा सयाजीरावाच्या हातासंगंच वर. राह्यलं तीन. तेवढ्यावर मातूर खरं भांडला— रस्त्याला कुणाच्या आज्याचं नाव द्यायचं म्हणून! हसताय व्हय? हसा, हसा. गाव पण सकाळधरनं हसतंय, म्हणून तर सयाजीरावानं तुमास्नी धाडलंय.

काय म्हणालासा? एक नाव कमी हाय? मोजलासा व्हय... जागा पुरली न्हाय फळ्यावर. न्हाय, पुरली असती. खोटं कशाला बोला. म्हंजे ह्ये सांगून धाडलंय सयाजीरावानं— मुकाट पूस, न्हायतर त्ये नाव आमी लिवतो? कुणाला भ्या दावताय? आं? ह्या धोंडीरामाला?

शालूबाई. माझी बायकू. झालं? वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, तवा हुबी केली. आमच्या वस्तीतनं पालिकेत गेलेली पयली बाई— हलगी लावून मिरवणूक काढली, विहारात पेढं वाटलं. पयल्या सभेला निघाली, उंबऱ्यावर थांबून इचारती, "अवो, हात कवा वर करायचा?" मला तरी काय ठावं? म्या म्हटलं, सयाजीरावाकडं बघ, त्येंचा वर गेला की तुझा. म्याच सांगितलं! आणि ही वही कशापायी सुरू केलती, म्हाईत हाय? बायकूचं कौतुक म्हणून. तिचा हात वर गेला की मी हिकडं गॅलरीत टिक मारायचो, मागनं बाकीच्यांच्या हातांची बी— आजूबाजूच्यांस्नी दावायचो, त्यो बघा, त्यो हिरव्या बांगड्यांचा हात आमचा! आमच्याच वस्तीचा नळ तोडायचा ठराव आला, तवा सुदिक वर. मी टिक मारली की वो! घरी आली आणि दोन दिस जेवली न्हाय. तवा कुठं आकडं मांडलं म्या. बावन्नातनं बावन्न. पिराजीराव तीनदा चुकला— ही एकदा पण न्हाय.

आणि फळ्यावर सगळ्यांची नावं लिवली, घरचं तेवढं राखलं. लाज वाटली. तिची न्हवं, माझी.

थांबा, उठू नगासा. त्यो खडू द्या हिकडं, तुमच्या हाताशी हाय त्यो. ह्ये बघा— शालूबाई, बावन्न. दिसतंय का? आणि तिच्याम्होरं ह्ये— शिकवणारा धोंडीराम. आता काय लिवणार तुमचा सयाजीराव? सांगा त्येला, तुमी भ्या दावायच्या आधीच लिवायला पायजे हुतं, तेवढंच चुकलं माझं.

आज अकराला सभा हाय. वस्तीतल्या बायकांच्या संडासाची जागा दुकानगाळ्यांस्नी द्यायची म्हणं. त्रेपन्नावा ठराव. शालू मघाशीच गेली. उंबऱ्यावर थांबली हुती घटकाभर— मला वाटलं आता इचारती, हात कवा वर करायचा म्हणून. तिनं इचारलं न्हाय. म्या पण सांगितलं न्हाय.

ह्ये घ्या फडकं. चौक बघतोय, पुसा तुमच्या हातानं. ...काय, न्हाय? मग च्या प्या आणि निघा, पावणं. मला गॅलरीत जागा धरायची हाय.