नानाकाकांचं कोपर टीव्हीवर

एका भिंगाने आमच्या काकूंची कशी पंचाईत केली, ऐका.

दोन हजार साल नुकतंच उलटलेलं. पालीच्या आमच्या नानाकाकांच्या कोपरांवर लाल चट्टे उठले, वर पांढऱ्या खपल्या. हा रोग घरात सगळ्यांना लागेल म्हणून काकूंनी त्यांचं अंथरूण पडवीत टाकलं. काका डॉक्टरकडे जायला तयार नव्हते, कारण तपासायला कातडीचा तुकडा कापतात, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. शेवटी मीच दोघांना एसटीत घालून रत्नागिरीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी चट्ट्यावर तेलाचा थेंब सोडला.

"तेलच लावायचं, तर घरात खोबरेल होतं की!" काका म्हणाले.

"हे भिंगातून स्पष्ट दिसावं म्हणून." बाईंनी दिवा असलेलं भिंग कोपरावर टेकवलं. त्याला कॅमेरा होता आणि कॅमेरा टीव्हीला जोडलेला. पडद्यावर लाल ठिपकेच ठिपके!

काकांनी मात्र डोळे घट्ट मिटलेले. "कापलंत?"

"कापायची गरजच नाही. हे एकसारखे ठिपके सोरायसिसचे. मलम देते. आणि घाबरू नका, हा रोग कुणाला लागत नाही."

काका ताठ बसले. "अगो, ऐकलंस? लागत नाही! आज माझं अंथरूण आत!"

काकूंचा चेहरा पडला. खुर्ची पुढे ओढून त्या बाईंना हळूच म्हणाल्या, "पुन्हा एकदा नीट बघा ना हो. हे आत घोरायला लागले की मला झोप लागत नाही!"