दहावी कांडी

...न्हाई, तुमी हसा, पण आधी ऐकून घ्या. जुन्नरच्या कॉलेजात वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते मी, शास्त्राची बाई हाय, अंदाजानं काही करत न्हाई, अन् तरी आमच्या आख्ख्या डिंगोरे गावात आज माझी ओळख काय, तर 'गाईला मासा देणाऱ्या मॅडम'.

त्याचं असं झालं, एक आंतरराष्ट्रीय संस्था हाय, देशोदेशीच्या मास्तरांना गोळा करून डीएनएचं काम शिकवती. पुण्यात दहा दिवसांचं ट्रेनिंग, अन् मग एकाला तीन महिने त्यांच्या परदेशातल्या लॅबमधी. जागा एकच. ती मला पायजे व्हती. पंचेचाळिशीत बायका पाटल्या मागत्यात, मला ती जागा पायजे व्हती. अट एवढीच, नमुने आपले आपण आणायचे, गोठवलेले.

मी डिंभ्याच्या धरणातले मासे निवडले. तिथले मासे धरणारे म्हणत्यात काळ्या पाठीचा येगळा अन् पिवळ्या पाठीचा येगळा. म्हटलं, डीएनएलाच इचारू, जाती दोन का एक. दहा माशांच्या पंखांचे बारीक तुकडे काढून द्रावणात वाटले... अन् गोठवायचे कुठं? घरच्या फ्रीजात? लाईट दिवसातून चारदा जाती, वर आमच्या सासूबाई, साळुबाई, माळकरी माणूस. त्या म्हणाल्या, "माझ्या लोण्याशेजारी मासा ठिवलास तर ह्या घरात पाणी पिणार न्हाई मी."

तवा मला सुचला कुशाबा. गाई भरवायला येतो तो, मोटरसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून. आत काडीएवढ्या बारीक नळ्यांत, म्हंजी कांड्यांत, भरलेलं वळूचं बीज, उणे एकशे शहाण्णव डिग्री. असली थंडी आमच्या कॉलेजात न्हाई हो. त्याला म्हटलं, "माझ्या दहा नळ्या ठिव पंधरा दिवस." नळी हातात फिरवून म्हणतो कसा, "मॅडम, ही जाडजूड आत बसायची न्हाई. माझ्या कोऱ्या कांड्या घ्या की, त्यातच भरा." भरल्या. प्रत्येकीवर पिवळ्या मार्करची खूण केली. शास्त्राची बाई हाय मी, खूण केल्याबिगर काही ठिवत न्हाई... आता असल्या थंडीत मार्कर टिकतो का, हे कुणी बघायचं व्हतं? मीच की.

पंधरा दिवसांनी खुणा पुसट झालेल्या, तरी मोजून दहा कांड्या घेतल्या अन् गेले पुण्याला. काय थाट म्हणून सांगू, यंत्रं काय, हातमोजे काय, केनियाचा एक मास्तर, नेपाळच्या दोन पोरी, अन् शिकवायला एक उंच, हसरी परदेशी बाई. दहा दिवस मान वर केली न्हाई मी. शेवटच्या दिवशी सगळ्यांदेखत निकाल पडद्यावर. पहिला मासा, दुसरा मासा, तिसरा... काळे-पिवळे सगळे एकाच जातीचे निघाले, बाई खूश, मी मनात बॅग भरायला घेतलेली, अन् दहावा नमुना आला. पडद्यावर लिवलेलं, गाय-बैल.

बाई इचारती, "मोहिनी, तुमच्या धरणात बैल राहतात का?"

आता, काठावर गुरं पाणी पित्यात असं म्हटलं असतं तर खपलं असतं. पण शास्त्राची बाई हाय मी, खोटं कसं बोलू? सांगितलं सगळं. केनियाचा मास्तर तर टेबलावर डोकं ठिवून हसत व्हता. अन् त्या हसण्यात माझ्या डोक्यात लखकन आलं... वळू इथं आलाय, मग दहावा मासा कुठं हाय?

बाहेर जाऊन फोन लावला. "कुशाबा, एवढ्यात कुणाची गाय उलटली का रं? म्हंजी भरवूनबी गाभण न्हाई राहिली अशी?"

"एकच मॅडम. तुमच्याच घरची."

घरी आले तर साळुबाई गोठ्याच्या दारात. "ये गं ये," म्हणाल्या, "माळकऱ्याच्या गाईला मासा चारणारी ऐकली न्हवती, तू तर तिच्या पोटातच घातलास." आठ दिवस माझ्या हातचा चहा घेतला न्हाई.

अन् जागेचं काय झालं म्हणता? परदेशी बाईनं मासे सोडले, वळू सोडला, अन् धरून बसली ते भांडं. "लाईट न्हाई त्या गावांतून हा माणूस मोटरसायकलवर एवढी थंडी सांभाळतो? आमच्या निम्म्या देशांतले नमुने लॅबपर्यंत येताना वाटेतच वितळतात. हा आम्हाला शिकवायला पाहिजे." झालं. जागा कुशाबाला. त्याचा फॉर्म कुणी भरला? मी. पासपोर्टच्या रांगेत त्याच्यासंगं कोण उभं व्हतं? मी. मला सर्टिफिकेट दिलं, जाड कागदाचं.

जाताना भांडं माझ्या हवाली करून गेला. त्याआधी महिनाभर रोज गोठ्यात उभं करून शिकवलं मला. खांद्यापर्यंत हातमोजा घातलेली मी, अन् हा मागून म्हणतो, "हात सैल सोडा मॅडम, परीक्षा न्हाई ही." म्हंजी ट्रेनिंग झालं माझं, न्हाई कसं?

परवा वर्गात पेशी शिकवत व्हते, तर गावातल्या एका गाईवाल्याचा फोन. "मॅडम, गाय माजावर आलीया, लवकर या."

म्हटलं, "अहो, मी प्राध्यापक हाय. आंतरराष्ट्रीय संस्थेचं सर्टिफिकेट हाय माझ्याकडं."

"व्हय की," पलीकडून म्हणतो, "म्हणून तर तुमाला लावला. बिगर सर्टिफिकेटवाल्याला आमी गोठ्यात घेत न्हाई."

...गेले मग.