आबांनी माशाला दिलेलं पाणी

मालवणचा हा किस्सा आमचा दादा चारचौघांत लई हसवून सांगतो. पण अर्धाच सांगतो. उरलेला आज मी सांगतो, बसा.

मे महिन्यात दादा पुण्याहून आला आणि आम्हाला सगळ्यांना कोकणात घेऊन गेला. होडी ठरवायची आणि दिवसभर समुद्रात मासे धरायचे, हा त्याचाच बेत. आबांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, जन्म गेला सांगोल्याकडं मेंढरांमागं आणि टँकरच्या रांगेत. समुद्र पहिल्यांदाच बघत होते.

दुपारी दादाच्या गळाला चांगला मोठा मासा लागला. फोटोसाठी तो किनाऱ्यापर्यंत जिवंत न्यायचा, म्हणून त्यानं समुद्राचं पाणी भरलेल्या बादलीत सोडला. थोड्या वेळानं बघतो तर आबांनी बादलीतलं खारं पाणी ओतून दिलेलं आणि आमचा प्यायच्या पाण्याचा अख्खा जार त्या माशावर रिकामा केलेला.

"आबा, हे काय केलं?"

"खाऱ्या पाण्यात तडफडत हुतं की रं ते. म्हटलं, जरा गोडं पाणी मिळू दे जिवाला."

होडीवाला म्हणाला, समुद्राचा मासा गोड्या पाण्यात मरतो. आणि मेलाच तो. डोक्यावर ऊन, प्यायला थेंब नाही. दादा सगळ्यांदेखत आबांवर खेकसला, "जन्मात कधी पाणी बघितलंय का तुम्ही?"

आबा बादलीकडंच बघत होते.

"न्हाय बघितलं," म्हणाले. "जे गावलं, ते तुला पाजलं."