चाळीस दात्यांचं चाक

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. तिच्या मांडीवर छोटं रेल्वे इंजिन होतं.

"ताई, माझं इंजिन उघडलंस?"

"तुझा हात प्लास्टरमध्ये होता, आणि ते चढावर धापा टाकत होतं. वीस दात्यांचं चाक काढून चाळीसचं बसवलं."

"म्हणजे वेग निम्मा झाला."

"आणि ओढ जवळपास दुप्पट. मोटरचा आटेदार दांडा एकदा फिरला की चाक एकच दाता सरकतं."

"रविवारच्या प्रदर्शनात लोक गोगलगाय म्हणतील."

"म्हणू देत. काल आठही डबे घेऊन चढलं. मध्येच वीज बंद केली, तरी तसूभर मागे घसरलं नाही."

"आठही?"

"आठही."

"मग रविवारी मीच चालवणार."

"अजून मूठ वळत नाहीये तुझी."

"डाव्या हातानं चालवीन. इंजिनाला आता घाई कुठंय?"